बारा फांद्यांचं एक वर्ष

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अरेरा कॉलनीत एका घरी गेले होते. तिळगूळ झाला, वाण झालं आणि सहज वर बघितलं तर सोफ्याच्या वर, सोनेरी चौकटीत, माघ महिना टांगलेला. तोही उलटा.

मी म्हटलं, "हे चित्र उलटं लावलंय तुम्ही."

यजमानीणबाई हसल्या. "अहो, ट्रायबल आर्ट आहे. ह्यांना फंक्शनमध्ये मिळालं. यात काय उलटं आणि काय सुलटं!"

त्यांचा दोष नाही म्हणा. खालची बाजू कुठली आणि वरची कुठली हे कळायला झाडाला खोड लागतं, आणि खोड त्या चौकटीत नव्हतं. ते कुठे होतं ते मला माहीत होतं. त्या वेळी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो अजून शांत झालेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. फगनीबाईंबद्दल शांतपणे कोणी लिहू नये, आणि त्यांनाही ते आवडलं नसतं.

फगनीबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या बिट्टन मार्केटच्या हाटात, आणि भेटल्या म्हणजे भांडल्याच. मी फ्लॉवरचा गड्डा हातात घेऊन उलटसुलट करत होते. शेजारून आवाज आला, "जेठ में गोभी?" बघितलं तर साठीच्या आसपासची एक काळीसावळी, काटक बाई. अंगावर नायलॉनची साडी, कपाळावर आणि कोपरापर्यंत हातांवर गोंदण, आणि बोटांच्या पेरांवर पिवळा, हिरवा, लाल रंग वाळलेला. "किसका पेट खराब करना है? कौन सा महीना चल रहा है, मालूम है?"

मी म्हटलं, "मे."

"मे!" त्यांनी तो शब्द तोंडातून बी थुंकावं तसा टाकला. "मे में न बीज गिरता है, न पत्ता गिरता है. तुम लोगन के पास तारीख है, महीना नहीं है."

भाजीवाला वैतागला होता, कारण त्या दर आठवड्याला येऊन त्याची अर्धी गिऱ्हाइकं अशी पळवून लावत. मी गड्डा खाली ठेवला. पुढे सहा वर्षं मी उन्हाळ्यात फ्लॉवर आणला नाही, आणि घरच्यांनी कारण विचारलं की सांगताही येत नसे.

त्या गोंड. डिंडोरीकडच्या एका गावाहून नवऱ्यामागोमाग भोपाळला आल्या, नवरा गेला आणि त्या राहिल्या. फागुनात जन्मल्या म्हणून फगनी. कोलार रोडला नव्या सोसायट्यांच्या मागे, जिथे डांबर संपतं तिथे, दोन खोल्या भाड्यानं घेऊन त्या चित्रं काढत. माझे आजोबा राज्य सरकारच्या दफ्तराबरोबर नागपूरहून भोपाळला आले. आमची तिसरी पिढी इथे, तरी घरात मराठी, गणपतीत मराठी नाटक, आणि या गावच्या मातीशी आमचा संबंध कुंडीपुरता. मी एका सरकारी महामंडळाच्या प्रचार शाखेत काम करत होते. चित्रं म्हणजे माझ्या लेखी दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर छापायची वस्तू. हाटातल्या त्या भांडणातून ओळख वाढत गेली आणि फगनीबाईंच्या खोलीत गेले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की चित्रातही ऊन लागतं.

त्यांच्या चित्रांत जगाची सगळी उलथापालथ असे. नदी आटली की मासे वर जाऊन पाखरांच्या घरट्यांत राहत. हरणाच्या शिंगांना कोदोची, म्हणजे तिकडच्या भरड धान्याची, कणसं लगडत. भादोतला ढग चार पायांवर उतरून माळावर चरायला लागे. आणि हे सगळं भरलेलं असे बारीक बारीक तिरप्या ठिपक्यांनी, कोदोचे दाणे रांगेत मांडावेत तसे. त्यांच्याकडे प्रत्येक चित्रकाराची भरणी वेगळी. सही नसली तरी चालेल, भरणीवरून माणूस ओळखतात. फगनीबाईंचे ते कोदोचे दाणे.

काम सुरू करताना चहाच्या कपातून दोन थेंब जमिनीवर सांडायच्या. गावी यासाठी मोहाची दारू लागते. मी विचारलं, इथे चहा कसा चालतो? तर म्हणाल्या, "भोपाल में बड़ा देव भी चाय पीता है. क्या करे बेचारा."

आणि एक नियम, जो मी दुसऱ्या कुठल्या चित्रकाराचा ऐकलेला नाही. जो ऋतू काढायचा तो त्या ऋतूतच. जेठाचं झाड जेठात, सावनाचं सावनात. थंडीत बसून उन्हाळा रंगवणं म्हणजे त्यांच्या लेखी खोटी साक्ष. एकदा डिसेंबरात कोणीतरी आंब्याच्या मोहोराचं चित्र मागायला आलं, तर त्यांनी त्याला हाकललं. तेही झाडू हातात घेऊन.

आमच्या महामंडळाची नवी इमारत होत होती, आणि तिच्या प्रवेशदालनात एक भली मोठी भिंत मोकळी होती. तिथे काय लावावं याच्यावर चर्चा चालली असताना मी फगनीबाईंचं नाव सुचवलं. शाखेचे प्रमुख पिंपळखुटे साहेब आमच्याच मराठी समाजातले, गणेशोत्सवाचे कायमचे अध्यक्ष, भाषणात संस्कृतीशिवाय दुसरा शब्द नाही. ते माझ्याबरोबर कोलार रोडला आले. बूट न काढता उंबऱ्यातच उभे राहिले.

"पंधरा दिन में हो जाएगा?" त्यांनी विचारलं.

फगनीबाईंनी त्यांना पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं. "साहब, आपका बच्चा पंद्रह दिन में हुआ था?"

साहेबांचा चेहरा पडला. मी हसू दाबलं. पण इमारतीला अजून वर्ष लागणार होतं, म्हणून ते जमलं. फगनीबाईंनी सांगितलं, एक झाड काढीन. साजाचं. साजा म्हणजे आपल्याकडचा ऐन, ज्याची साल मगरीच्या पाठीसारखी तडकलेली असते. गोंडांचा बडा देव त्या झाडात राहतो. मधे खोड, डावीकडे सहा फांद्या, उजवीकडे सहा. एकेका फांदीवर एकेक महिना. "पूरा साल एक झाड़ में. जो दरवाज़े से आएगा, उसको दिखेगा कि साल क्या होता है."

चित्र जेठात सुरू झालं. मी दर पंधरवड्याला जात असे, सुरुवातीला ऑफिसची म्हणून, नंतर आपली आपणच. गेल्या गेल्या पहिला प्रश्न ठरलेला, "कौन सा महीना?" मी ऑगस्ट म्हणायचे, नोव्हेंबर म्हणायचे, आणि शिव्या खायचे. पण हळूहळू 'मैडम'ची मी 'नोनी' झाले. नोनी म्हणजे पोरगी. माझं वय तेव्हा बावन्न होतं आणि मला नोनी म्हणणारं जगात कोणी उरलं नव्हतं.

कापड प्रचंड होतं आणि खोली एवढीशी. भिंतीला लावणं शक्यच नव्हतं. फगनीबाई ते जमिनीवर ठेवून एका वेळी एकच फांदी उलगडायच्या आणि बाकीचं गुंडाळून उशाशी घ्यायच्या. एक महिना झाला की तो आत, दुसरा बाहेर. पूसात, म्हणजे पौषात, मी विचारलं, "बाई, पूर्ण कसं दिसतंय?"

"मैंने कहाँ देखा?" त्या म्हणाल्या. "दीवार पे लगेगा, तब देखूँगी. सबके साथ."

मी जरा चपापले. ज्यांनी सात महिने खपून सात फांद्या काढल्या होत्या, त्यांनी दोन फांद्याही एकत्र पाहिलेल्या नव्हत्या. त्या सगळं मनात जोडत होत्या. त्या भिंतीची वाट त्या जेवढी बघत होत्या तेवढी आमच्या अख्ख्या महामंडळात कोणी बघत नव्हतं.

अधूनमधून पाहुणेही येत. अरेरा कॉलनीतल्या एक कलेच्या जाणकार, लिनन साडी, चांदीचे मोठे दागिने, साहेबांनी सल्ल्यासाठी पाठवलेल्या. त्यांनी भादोची फांदी बघितली. फांदीवर ढग चरत होता आणि त्याच्या शेजारी एक मिनीबस उभी होती. बसला शिंगं होती आणि टपावर मोर.

"ये बस हटा दीजिए," जाणकारबाई गोड आवाजात म्हणाल्या. "फील नहीं आ रहा. हाथी बना दीजिए. आपकी परंपरा में हाथी होगा ना?"

"मैं भादों में आई थी भोपाल," फगनीबाई म्हणाल्या. "बस से आई थी. हाथी से नहीं आई."

"पर लोगों को ओरिजिनल चाहिए."

"तो मैं क्या हूँ? फोटोकॉपी?"

जाणकारबाईंनी जाताना माझ्याकडे सहानुभूतीनं बघितलं, जणू काही माझ्या घरची म्हातारी बिघडली आहे. त्या दिवशी फगनीबाईंनी रागाच्या भरात बसला आणखी एक शिंग काढलं. मला वाटतं भोपाळमध्ये त्यांच्यावर हसून प्रेम करणारे पुष्कळ होते, ऐकणारं कोणी नव्हतं. सगळ्यांना त्यांचं रान हवं होतं, तोंड नको होतं.

बैसाखात बारावी फांदी झाली. आमच्या गाडीतून गुंडाळी ऑफिसात आली. फगनीबाईंनी ती स्वतः मांडीवर आडवी धरली होती आणि दोन्ही टोकं खिडक्यांबाहेर होती. इमारतीचं काम लांबलं. पुढे पुढे भिंतीवर आधी ग्रॅनाइट लागला, मग मोठा स्क्रीन लागला, त्यावर महामंडळाच्या यशोगाथा फिरू लागल्या. चित्र स्टोअरमध्ये पडून राहिलं. फगनीबाई महिन्यातून एकदा फोन करायच्या. "नोनी, दीवार बनी?" मी म्हणायचे, बनतेय. मला माहीत होतं की भिंत गेली. तरी मी म्हणायचे, बनतेय.

अशी चार-पाच वर्षं गेली, मग एका माघात वार्षिक समारंभ आला. बारा सन्माननीय पाहुणे, त्यांना स्मृतिचिन्हं काय द्यायची? शाली झाल्या, नारळ झाले, पितळेचे दिवे झाले. पिंपळखुटे साहेबांनी टेबलावर थाप मारली. "अरे, ते आदिवासी चित्र आहे ना पडलेलं! बारा फांद्या, बारा पाहुणे. फ्रेम करून देऊ. एकदम युनिक."

मी म्हटलं, "सर, ते एक चित्र आहे."

"हो, पण मोठं आहे."

"सर, ते कापता येणार नाही. ते एक वर्ष आहे."

"अहो, वर्षाचे महिने असतातच की वेगवेगळे," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. "आपली वस्तू आहे, आपण घेतलेली आहे. स्टोअरमध्ये उंदीर खातील त्यापेक्षा मान्यवरांच्या घरी जाईल. उलट त्यांच्या कलेचा सन्मानच आहे."

सन्मान! मी तिथे आणखी काय बोलले? काही नाही. एवढंच बोलले आणि गप्प बसले. निवृत्तीला तीन वर्षं होती, बढतीची फाइल साहेबांच्या टेबलावर होती, आणि मी आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे तोंड मिटून घेतलं. सरकार बदललं तेव्हा आजोबांनी मिटलं, साहेब बदलले तेव्हा वडिलांनी मिटलं. आम्ही या गावात तीन पिढ्या टिकलो त्या अशा.

सभागृहात खुर्च्या बाजूला सारून चित्र जमिनीवर अंथरलं. ते पूर्ण उलगडलं त्या क्षणी मी तिथे होते. फ्रेमवाला मोठी पट्टी आणि कटर घेऊन गुडघ्यांवर बसला होता. तोही थबकला. माझ्याकडे मान वर करून म्हणाला, "मैडम, काटना ही है ना? पक्का?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "काटो भाई, टाइम नहीं है."

कापून झाल्यावर कुठला तुकडा कुठल्या महिन्याचा हे कोणालाच कळेना. मागे चिठ्ठी चिकटवायची होती. मग मला बोलावलं. मी ओळखले. घरट्यात मासे तो जेठ. शिंगांची बस तो भादो. शेकोटीपाशी चंद्र हात शेकत बसलाय तो माघ. स्वतःच्या पायांनी चालत निघालेली पानं तो फागुन. ज्या बाईनं मला महिने शिकवले, तिच्या महिन्यांना मी माझ्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या. एकही चूक झाली नाही.

डावीकडच्या सहा फांद्या, उजवीकडच्या सहा. चौकटी बारा. मधलं खोड उरलं. हातभर रुंद, माणसाच्या उंचीपेक्षा जास्त लांब. ते कोणालाच नको होतं.

समारंभात पाहुण्यांना महिने वाटले गेले, टाळ्या झाल्या. फगनीबाईंना बोलावणं नव्हतं. नंतर तीन-चार आठवड्यांनी मी पाणी प्यायला शिपायाच्या कोपऱ्यात गेले. माठाखाली चौपदरी घडी घातलेलं काहीतरी होतं, जमिनीवर पाणी पसरू नये म्हणून. कडेला कोदोचे दाणे दिसले. मी माठ दोन्ही हातांनी उचलून फरशीवर आपटला. कोणीतरी म्हणालं, मॅडमना काय झालं. तो माझ्या नोकरीतला एकमेव आवाज, आणि तोही माठाचा. वीस मिनिटांत मी कोलार रोडला होते.

फगनीबाईंनी खोड उंबऱ्यातच उलगडलं. ओल्याचे गोल डाग पडले होते, रंग एका ठिकाणी फुटला होता. दोन्ही कडांना जिथे फांद्या फुटत होत्या तिथे सरळ, स्वच्छ काप होते. त्यांनी एकेका कापावर बोट ठेवलं. डावीकडे सहा, उजवीकडे सहा. बारावर बोट थांबलं.

"पानी कहाँ का है?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांसकट.

मला वाटलं होतं त्या झाडू उचलतील. मला तो हवा होता. त्यांनी विचारलं, "तू वहीं थी?"

"होते."

"तूने पूरा देखा? काटने के पहले?"

"पाच मिनिटं."

 त्या भिंतीला टेकून बसल्या. "कैसा था?"

आयुष्यात मला इतका अवघड प्रश्न कोणी विचारलेला नाही. ते चित्र जगात पूर्ण पाहिलेले आम्ही चारदोन लोक, त्यात एक पिंपळखुटे, एक कटर घेतलेला माणूस, आणि एक मी. ज्यांनी काढलं त्या नाहीत. मी सांगायला लागले. म्हटलं, जेठाची फांदी डाव्या टोकाला होती आणि बैसाख उजव्या टोकाला, आणि लांबून बघितलं तर दोन्ही खाली झुकून मुळांपाशी एकमेकांना टेकत होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "टेकती थीं? सच्ची?" म्हटलं, हो. "मैंने नाप के नहीं बनाया था," त्या म्हणाल्या, आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथे बसवेना. म्हटलं, चरणारा ढग सावनाकडून भादोत येत होता, त्याचे मागचे पाय अजून सावनात होते. त्यांनी मान हलवली. हे त्यांना माहीत होतं. मी सांगत राहिले, त्या मधे मधे विचारत राहिल्या, आणि एका जागी मी रडायला लागले.

"रो मत," फगनीबाई चिडून म्हणाल्या. "तेरा क्या कटा?"

खरं होतं. मी डोळे पुसले.

मी म्हटलं, "बाई, पुन्हा काढाल? मी कापड आणते. या खोडालाच फांद्या जोडू."

"फागुन है अभी. साजा का पत्ता गिर रहा है. अभी से हरा बना दूँ? झूठा?" त्यांनी खोडाची ओली बाजू वर करून वाळत घातलं. चहा केला, एकच कप. त्यातले दोन थेंब खोडापाशी सांडले आणि उरलेला स्वतः प्यायल्या. "कल सुबह गाँव जा रही हूँ. वहाँ साजा खड़ा है. उसको देख के बनाऊँगी. यहाँ नहीं. यहाँ तो फिर काट दोगे, मैडम."

मैडम. सहा वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस स्टँडवर गेले. डिंडोरीकडे जायला धरायच्या जबलपूरच्या बसमध्ये आधीच भांडण जुंपलं होतं, त्यामुळे शोधावं लागलं नाही. कंडक्टर म्हणत होता, "अम्मा, ये बंडल ऊपर रख दो, सवारी खड़ी है."

"बंडल तेरे बाप का होगा. इसका टिकट है. देख, दो टिकट हैं. पढ़ना आता है?"

"अम्मा, कपड़े का टिकट कौन लेता है?"

"देव है. बैठ के जाएगा."

कंडक्टरनं डोक्याला हात लावला. अख्खी बस बघत होती. एक उभा असलेला माणूस हसला, त्याला फगनीबाईंनी असं काही सुनावलं की तो मागच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. मी खाली, खिडकीच्या बाहेर, हात जोडून उभी होते. त्यांनी मला बघितलं. हाक मारली नाही, मानही हलवली नाही. बस सुरू झाल्यावर मात्र ओणव्या होऊन ओरडल्या, "कौन सा महीना?"

"फागुन!" मी ओरडले.

त्यांनी एकदा मान डोलावली. चूक काढता आली नाही म्हणून की काय, जरा चिडल्यासारख्याच दिसल्या. मग मागे टेकून बसल्या. बस फाटकातून वळली तेव्हा दोघं स्पष्ट दिसली. आतल्या बाजूला फगनीबाई, आणि शेजारी, खिडकीच्या जागेवर, उभं टेकवलेलं साजाचं खोड.